आता डॉक्टरांचा कागदच साक्ष देणार

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यांवर लेख आले, परिसंवाद झाले. वैवाहिक बलात्काराचा अपवाद नव्या कायद्यातही तसाच ठेवला म्हणून स्त्री संघटनांनी निषेध केला आणि तो रास्तच होता. पण डॉक्टरांच्या साक्षीसंबंधी झालेला एक बदल या चर्चेत फारसा आला नाही. बलात्काराच्या आणि मारहाणीच्या केसेसमध्ये बाईसोबत पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात जाणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना तो नीट समजून घ्यावा लागेल, म्हणून हा लेख.

बदल असा. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३० आणि ३३६ या कलमांनुसार तज्ज्ञाच्या किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अहवालावर खटल्यातल्या कोणत्याही पक्षाने हरकत घेतली नाही, तर त्या डॉक्टरला कोर्टात बोलवायचे नाही. हरकत घेतली आणि तो डॉक्टर बदलून गेला असेल, निवृत्त झाला असेल, मरण पावला असेल, सापडत नसेल किंवा त्याला आणण्यात उशीर होणार असेल, तर त्याच्या जागेवर आज जो अधिकारी आहे त्याने येऊन त्या अहवालावर साक्ष द्यायची. ही साक्ष व्हिडिओवरूनही चालेल. थोडक्यात, ज्या डॉक्टरने बाईला तपासले तो कोर्टात दिसेलच असे नाही. त्याचा कागद मात्र नक्की दिसेल.

हा बदल का आला हे मला कळते. मराठवाड्यात काम करणाऱ्या कोणालाही कळेल. आपल्याकडे कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणच्या बाया आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जातात आणि तिथून पुष्कळदा शहरात घाटीला पाठवल्या जातात. अशा ठिकाणी तपासणी करणारे बरेच जण निवासी डॉक्टर असतात किंवा बंधपत्रावर वर्षभरासाठी आलेले वैद्यकीय अधिकारी असतात. केस उभी राहीपर्यंत तो डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. तारीख पडते. बाई मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आलेली असते. तिला सांगतात, आज डॉक्टर आले नाहीत. त्या तारखांच्या काळात गावातले लोक येऊन बसतात, मिटवून घ्या म्हणतात, साक्षीदार फितूर होतात. खटला लवकर संपणे ही आपलीही मागणी आहे. डॉक्टरांचीही बाजू आहे. ओपीडी सोडून दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचे आणि संध्याकाळी साक्ष न होताच परत जायचे, हे त्यांनी किती वर्षे करावे? तेव्हा हा बदल मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टर येणार नसेल आणि कागदच बोलणार असेल, तर तो कागद कसा लिहिला जातो याला पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे. आणि त्या कागदावर हरकत कोण घेणार, हा प्रश्न कायद्याने बाईच्या बाजूने सोडवलेला नाही.

तीन ओळींचा इतिहास

डॉक्टरच्या चार ओळींनी काय होऊ शकते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या वैद्यकीय अहवालात तीन गोष्टी होत्या. अंगावर इजा नाही. योनिपटल जुने फाटलेले. योनीत दोन बोटे सहज जातात. या गोष्टी सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असल्याचे म्हणून आरोपींना सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्यात अंगावर इजा नसण्याला मोठे स्थान मिळाले. भीतीने गोठलेली मुलगी आणि संमती देणारी मुलगी यांत त्या कागदाने फरक केला नव्हता. कोर्टानेही केला नाही.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असे सांगितले तर कोर्टाने तसे गृहीत धरायचे, असे कलम आले. सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद आली. पण डॉक्टरने तपासणी कशी करावी आणि काय लिहावे याला त्या वेळच्या दुरुस्तीने हात लावला नाही. बाईच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले कलम २००३ साली रद्द झाले. तरी दवाखान्यातले बोट तसेच राहिले. कोर्टात वकिलाला जे विचारायची बंदी झाली, ते डॉक्टर फॉर्मवर लिहून देत होता. उलटतपासणीत तो प्रश्न निघाला नाही तरी उत्तर कागदावर हजर होते.

हे बदलण्याची लढाईही बरीचशी महाराष्ट्रातच झाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारित स्त्रियांच्या तपासणीची दुरवस्था मांडणारा अहवाल तयार केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पर्धी यांनी २०१० साली नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. मुंबईची ‘सेहत’ ही संस्था त्यात सामील झाली. ‘सेहत’ने त्याआधीच मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत बाईला आधी उपचार आणि आधार, मग पुरावा, अशा पद्धतीने काम करून दाखवले होते. पुढे महाराष्ट्र सरकारने १० मे २०१३ रोजी शासन निर्णय काढून तपासणीची पद्धत ठरवली आणि २०१४ च्या मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशासाठी मार्गदर्शक सूचना आणि फॉर्म दिला. दोन बोटांची चाचणी करायची नाही, पूर्वीच्या लैंगिक संबंधांबद्दल शेरा मारायचा नाही, असे त्यात स्पष्ट आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने लिल्लू विरुद्ध हरियाणा खटल्यात ही चाचणी बाईच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी झारखंडच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल, आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती काढण्याचे निर्देश दिले.

अभ्यासक्रमाची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण डॉक्टर लिहितो ते शिकलेले असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली कौमार्याच्या खुणांचा विषय आपल्या अभ्यासक्रमातून काढायचे ठरवले. पण ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचे न्यायवैद्यकीय महत्त्व पुन्हा आले, समलिंगी संबंध अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत पुन्हा आले. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये ते मागे घेऊन दुरुस्त केले. म्हणजे अकरा वर्षांचे निकाल आणि सूचना असूनही हा विषय एका मसुद्यातून परत आत येऊ शकतो. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी जातपंचायतीच्या पांढऱ्या चादरीविरुद्ध उभे राहून आवाज उठवला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने कौमार्यचाचणीला लैंगिक अत्याचार मानण्याचे जाहीर केले. चादर जातपंचायतीची असो की दवाखान्याची, बाईच्या शरीराकडे पाहणारी नजर एकच आहे. फरक इतकाच, की दवाखान्यातल्या नजरेवर शिक्का असतो आणि कोर्ट तो शिक्का मानते.

हरकत कोण घेणार?

आता नव्या कलमांकडे वळू. आपल्या फौजदारी खटल्यात पक्ष दोन असतात, सरकार आणि आरोपी. बाई ही सरकारची साक्षीदार असते. अहवालावर हरकत घ्यायची तर या दोघांपैकी कोणीतरी घ्यायची.

अहवाल बाईच्या बाजूचा असेल, अंगावर जखमा असतील, नमुने जुळत असतील, तर आरोपीचा वकील हरकत घेणारच. डॉक्टर येईल किंवा त्याच्या जागेवरचा कोणी येईल, त्याची उलटतपासणी होईल. त्यात गैर काही नाही, तो आरोपीचा हक्कच आहे. पण अहवाल ‘इजा नाही’ असा असेल, ‘अलीकडे संभोग झाल्याच्या खुणा नाहीत’ असा असेल, तर आरोपीचा वकील तो आनंदाने मान्य करील. सरकारी वकील स्वतःच दाखल केलेल्या कागदावर हरकत कशाला घेईल? मग हरकत कोणाचीच नाही, म्हणून डॉक्टरला बोलवायचे कारण नाही. इजा का दिसली नाही हे कोर्टाला समजावून सांगणारा कोणीच उरत नाही. ज्या अहवालाचा खुलासा सर्वांत जास्त हवा, तोच खुलाशाशिवाय जाण्याची ही वाट आहे.

कायद्याच्या दृष्टीने इजा नसणे म्हणजे संमती नव्हे. २०१३ च्या दुरुस्तीने तसे लिहिले आणि न्याय संहितेच्या ६३व्या कलमातही ते आहे. बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येत नाही. महाराष्ट्र सरकार विरुद्ध चंद्रप्रकाश जैन या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतोच असे नाही. १९९२ साली त्याच न्यायालयाने म्हटले की बलात्कार हा गुन्हा आहे, वैद्यकीय निदान नव्हे. हे सगळे खरे आहे. पण खालच्या कोर्टात काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे की कागदावरचे ‘इजा नाही’ हे दोन शब्द वातावरण कसे फिरवतात. पूर्वी निदान सरकारी वकील डॉक्टरला सरतपासणीत विचारू शकत होते, ‘पाच दिवसांनी तपासल्यावर जखम दिसेल का? धमकी दिली असेल तर जखम होईलच का?’ डॉक्टर सांगायचा, नाही दिसणार, नाही होणार. आता हे उत्तर कागदावर आधीच लिहिलेले असायला हवे.

आणि वेळ थोडा आहे. कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ते खरे मानता की नाही हे पक्षांनी सांगायचे, अशी मुदत ३३०व्या कलमात आहे. कोर्ट कारण नोंदवून ती वाढवू शकते, पण कोणी मागितली तर. साक्षी सुरू होण्याच्या कितीतरी आधी हा निर्णय होऊन जातो. बाईला आणि आपल्याला तो कळलेलाही नसतो.

चांगला कागद कसा असतो

एका ग्रामीण रुग्णालयातला प्रसंग सांगते. सतरा वर्षांची मुलगी, घटना होऊन पाचवा दिवस. घरच्यांनी चार दिवस बोलणी करण्यात घालवले होते. तपासणारी डॉक्टर जेमतेम पंचविशीतली, बंधपत्रावर आलेली. छापील फॉर्म तिथे नव्हता. पोलिसांच्या मेडिकल यादीखालीच तिने लिहिले, बाहेरून इजा नाहीत, अभिप्राय सी.ए. रिपोर्ट येईपर्यंत राखीव. मी तिला २०१४ चा फॉर्म दाखवला आणि त्यातले रकाने विचारावेत अशी विनंती केली. तिने टाळले नाही, खुर्ची ओढून मुलीजवळ बसली आणि विचारले. मुलीने तोवर चार वेळा आंघोळ केली होती. कपडे आईने धुतले होते. मध्ये पाळी येऊन गेली होती. लघवीला जळजळ होत होती, झोप लागत नव्हती. त्याने गळ्याशी विळा धरला होता, म्हणून ती हलली नव्हती. डॉक्टरने हे सगळे लिहिले आणि खाली लिहिले की एवढा काळ आणि ही परिस्थिती पाहता खुणा न सापडणे हे मुलीच्या सांगण्याशी विसंगत नाही. दहा मिनिटे जास्त लागली. पहिला कागद आरोपीच्या उपयोगाचा होता. दुसरा खरा होता.

त्या डॉक्टरचा बाईविरुद्ध काही राग नव्हता. तिला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून मी डॉक्टरांना शत्रू मानत नाही. पण ‘शिकवले नाही’ हे कारण आता किती वर्षे चालू द्यायचे?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे १८४वे कलम सांगते की गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत बाईला तपासणीसाठी पाठवायचे. तिची संमती लागते आणि ती मिळाल्याची नोंद लागते. अहवालात वय, इजा, मानसिक स्थिती, डीएनएसाठी घेतलेले नमुने, तपासणी सुरू आणि पूर्ण झाल्याची वेळ हवी. प्रत्येक निष्कर्षाची कारणे हवीत. पूर्वी अहवाल ‘विनाविलंब’ द्यायचा होता, आता सात दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्याला द्यायचा आहे. ३९७व्या कलमाने सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत आणि तातडीने उपचार करण्याचे बंधन आहे. ते मोडले तर रुग्णालय चालवणाऱ्याला न्याय संहितेच्या २००व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांची यादी आधी आणा, मग बघू, असे म्हणायचा अधिकार कोणत्याही दवाखान्याला नाही. बाई सरळ दवाखान्यात आली तरी डॉक्टरने तपासायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मंजन्ना खटल्यात सांगितले आहे.

‘कारणांसहित’ हा शब्द मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण न देता दिलेले मत काय करते याचे उदाहरण २०२४ साली मुंबईत दिसले. अत्याचारातून गर्भ राहिलेल्या एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने आधी ती शारीरिक-मानसिक दृष्ट्या सक्षम असल्याचे सांगितले. मग तिला पुन्हा न तपासताच, काही दिवसांत खुलासा म्हणून उलट मत दिले. त्यावर उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या मंडळाकडून तपासणी करून घेतली आणि २२ एप्रिलला परवानगी दिली. तोवर इतका वेळ गेला होता की आईवडिलांनी मुलीच्या जिवाच्या काळजीने निर्णय बदलला आणि २९ एप्रिलला तो आदेश मागे घ्यावा लागला. न्यायालयाने तेव्हा सांगितले की मंडळाने नुसते गर्भाचे आठवडे मोजून थांबू नये, मुलीच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल यावर मत द्यावे आणि मत बदलले तर त्याची कारणे द्यावीत. मुलीचे ऐकावे, असेही सांगितले. पण तिच्या वाट्याला ते दिवस परत आले नाहीत.

डॉक्टर कोणाला उत्तरदायी?

कागद चुकीचा असेल, मुद्दाम चुकीचा असेल, तर दाद कुठे मागायची? इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या आईला आपल्या दोन बाळांच्या खुनासाठी १९९९ साली जन्मठेप झाली. प्रसिद्ध बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली होती की अशा घरात दोन बाळे आपोआप दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. ते गणितच चुकीचे होते. दुसऱ्या एका डॉक्टरने तपासणीचे निष्कर्ष पुढे ठेवलेच नव्हते. २००३ साली ती सुटली आणि २००७ साली वारली. पण तिथल्या अपील न्यायालयाने २००६ साली एक तत्त्व मान्य केले, की कोर्टात साक्ष दिली म्हणून डॉक्टर आपल्या व्यवसायाच्या परिषदेच्या चौकशीतून सुटत नाही.

आपल्याकडे २०२२ च्या निकालाने दोन बोटांच्या चाचणीला गैरवर्तन म्हटले. गैरवर्तनाची तक्रार राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करायची. पण परिषदेने तक्रार फेटाळली तर पुढे काय? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात अपिलाचे कलम डॉक्टरांपुरते लिहिलेले आहे, रुग्णाचे नाव त्यात नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम २ ऑगस्ट २०२३ रोजी निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणून २००२ चेच नियम पुढे चालू राहिले. न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा इतरांसाठी पाच वर्षांपर्यंत वाढवली, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांवरच ठेवली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यासाठी जोर लावला होता. संघटित व्यवसायाने आपले म्हणणे मांडावे, यात मला आक्षेप नाही. पण ३३६व्या कलमाने ज्यांच्या खटल्यांवर परिणाम होणार आहे, त्या बायांच्या वतीने जोर लावायला कोण गेले होते?

आपण काय करायचे

मैत्रिणींनो, कायदा रद्द करा एवढे म्हणून आपले काम संपत नाही. त्याच कायद्यात आपल्या उपयोगाची हत्यारे आहेत, ती वापरायला हवीत.

पहिले, २०१४ चा छापील फॉर्म प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यात आहे का, हे प्रत्येक तालुक्यातल्या गटाने जाऊन पाहावे. नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आपल्या पिशवीत त्याच्या प्रती ठेवाव्यात.

दुसरे, अहवालाची प्रत बाईला मोफत मिळण्याची तरतूद त्या सूचनांमध्ये आहे. ती त्याच वेळी मागावी. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. ती प्रत घरी नेऊन बाईला मराठीत वाचून दाखवावी. तिने सांगितलेले काही राहिले असेल तर तसा अर्ज तपास अधिकाऱ्याला लगेच द्यावा.

तिसरे, बाईला वकील हवा. नव्या २३०व्या कलमाने आरोपपत्राच्या आणि कागदपत्रांच्या प्रती आता अत्याचारित व्यक्तीलाही मिळतात, पण तिच्यातर्फे वकील असेल तरच. ही अट गरीब बाईसाठी अडसर आहे. मात्र १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तेव्हा गुन्हा नोंदल्याच्या आठवड्यातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, साक्षीची तारीख येईपर्यंत थांबायचे नाही. कोर्टाच्या परवानगीने हा वकील सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो.

चौथे, त्या तीस दिवसांत सरकारी वकिलांना भेटायचे. अहवालात ‘इजा नाही’ एवढेच असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरलाच खुलाशासाठी बोलवावे असा अर्ज ३४८व्या कलमाखाली करता येतो. खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर आवश्यक साक्षीदार बोलवण्याचा अधिकार या कलमाने कोर्टाला आहे. व्हिडिओवरून साक्ष चालते, तर मग डॉक्टर नागपुरात असो की दिल्लीत, त्याच्या जागेवर आलेल्याला दुसऱ्याचे अक्षर वाचायला का उभे करायचे? व्हिडिओची सोय आल्यावर, जिवंत असलेल्या आणि सापडणाऱ्या डॉक्टरऐवजी वारसदार अधिकारी ही तरतूद लैंगिक गुन्ह्यांत अपवाद म्हणूनच वापरली जावी, अशी आपली मागणी असली पाहिजे. सरकारने तसे परिपत्रक अभियोग संचालनालयामार्फत सरकारी वकिलांना काढावे.

पाचवे, प्रशिक्षण. बंधपत्रावर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रुजू होताना या तपासणीचे एक दिवसाचे शिक्षण सक्तीचे हवे आणि त्यात अत्याचारित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संघटनांना बोलवावे. आपणही हातात निषेधाचे पत्रकच घेऊन दवाखान्यात जायला हवे असे नाही. त्या बंधपत्रावरच्या डॉक्टरसारख्या अनेक जणी आहेत. त्यांना कोणी बरोबर उभे राहिलेले हवे असते.

सहावे, दोन बोटांच्या चाचणीचा शेरा अजूनही कोणत्या कागदावर दिसला, तर बाईच्या संमतीने, तिचे नाव झाकून, वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. रुग्णालाही अपिलाचा अधिकार द्यावा ही मागणी लावून धरावी.

डॉक्टरने बाईला न्याय द्यावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. ते कोर्टाचे काम आहे. त्याने जे पाहिले, जे ऐकले आणि जे दिसले नाही ते का दिसले नाही, एवढे प्रामाणिकपणे लिहावे. पूर्वी लिहिताना राहिलेले कोर्टात बोलून भरून काढता येत होते, आता ती संधी मिळेलच असे नाही. म्हणून यापुढे आपल्या कामाची पहिली जागा तपासणीच्या खोलीचे दार ही आहे. आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यांत फॉर्म आहे का, प्रत मिळते का, याची माहिती गटांनी जमवून पाठवावी. ती एकत्र करून आपल्याला जिल्हाधिकारी आणि आरोग्य उपसंचालकांपुढे ठेवता येईल.